चार अक्षरं, चार पाकिटं

सांगली
९ फेब्रुवारी १९९८

प्रिय भूषणदादा,
सप्रेम जयभीम.

दिवाळीत तुमच्या घरी जेवताना तू मारलेली बढाई आठवते का? आमच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरला कान आहेत, तारेतून कोण कुणाशी काय बोलतं ते सगळं मी बसल्या जागी ऐकू शकतो, असं तू म्हणाला होतास. मी तेव्हा हसले होते आणि मावशीनं तुला मुकाट्यानं भात खा म्हणून दटावलं होतं. आता मला तोच कान हवा आहे.

काम थोडक्यात सांगते. आमच्या रुग्णालयात लॅबमधून रिपोर्ट आले की आम्ही कॉम्प्युटर रूममधल्या मुली ते मोठ्या कॉम्प्युटरवर चढवतो. मग वॉर्डात, डॉक्टरांच्या खोल्यांत, कचेरीत, जिथे जिथे तार गेली आहे तिथे ते वाचता येतात. जानेवारीत गणपती पेठेतल्या नाथाजी शिंप्याचा रक्ताचा रिपोर्ट आला. कुठल्या आजाराचा ते लिहीत नाही, तू ओळखशील. दोन दिवसांत ती गोष्ट गावभर झाली. लोकांनी शिवायला टाकलेले कपडे तसेच परत नेले, बायकोला तिचे भाऊ माहेरी घेऊन गेले. नाथाजी रुग्णालयात आला, खिडकीपाशी उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "माजं रगात मी तुमाला दिलं हुतं. ते गावाला कुणी वाटलं?"

तेव्हापासून चौकशी चालू आहे. आमचे प्रशासक आप्पासो यांनी पुण्याच्या इंजिनियरकडून त्या संध्याकाळची यादी छापून घेतली, कॉम्प्युटरवर कोणी काय काय केलं त्याची. त्यात म्हणे आमच्या खोलीतल्या एका मुलीचं नाव पुन्हा पुन्हा येतं. यादी तिला दाखवलेली नाही. ती शपथेवर सांगते की मी तो रिपोर्ट चढवला, पण उघडून वाचला नाही. तिला वाटतं, दुसऱ्या टेबलावरून कुणीतरी तिच्या लॉगिननं आत शिरतं. हे तारेवर ऐकून पकडता येईल का? कसं, ते लिही. फोन करू नकोस. रुग्णालयाचा फोन आप्पासोंच्या खोलीतून जोडला जातो आणि आमच्या घरी फोन नाही.

मावशीला नमस्कार.

तुझी
साक्षी


सातारा
१४ फेब्रुवारी १९९८

चि. साक्षीस,
जयभीम.

बढाई काय म्हणतेस? अगं, खरी गोष्ट आहे. दोन वर्षांत पहिल्यांदा पत्र लिहिलंस तेही कामापुरतं, पण असो. गरज सरो आणि भूषण मरो असं करू नकोस म्हणजे झालं.

तारेतून मजकूर सलग जात नाही, तुकड्या-तुकड्यांनी जातो. त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात, आपण पाकीट म्हणू. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, आणि आत मजकूर. अगदी आपल्या पोस्टासारखं. फरक एवढाच की ही पाकिटं कुणी चिकटवत नाही, मधे बसलेल्याला सगळी उघडी दिसतात. आमच्याकडे सनचं यंत्र आहे, त्यावर सोलारिस नावाची प्रणाली चालते. तिच्यात ही पाकिटं बघण्याच्या आज्ञेला स्नूप म्हणतात. आज्ञा दिली की समोर पडद्यावर पाकिटामागून पाकीट धावायला लागतं. मजकूर लांबलचक असला की पडद्यावरून पळून जातो, म्हणून तो आधी फाइलमध्ये घ्यायचा आणि पीजी लावून एकेक पान वाचायचा. आज्ञा इंग्रजीत लिहून चिठ्ठी आत ठेवली आहे. मुख्य पासवर्ड लागेल. बॅकअप तूच घेतेस म्हणजे तो तुझ्याकडे असणार.

आता त्या मैत्रिणीबद्दल. छापील यादीत पुन्हा पुन्हा नाव येतं म्हणजे काहीतरी असणारच. आग असल्याशिवाय धूर निघत नाही. रिपोर्ट दिसला, चटकन घरी बोलून गेली असेल आणि आता अंगाशी आलं म्हणून शपथा घेतेय. तू तिच्यापायी स्वतःला अडकवून घेऊ नकोस. आपल्या लोकांना नोकऱ्या झाडाला लागत नाहीत.

तुझा
भूषणदादा


सांगली
२३ फेब्रुवारी १९९८

प्रिय दादा,
जयभीम.

चिठ्ठी मिळाली. स्नूप आमच्याकडे नाही. आज्ञा दिली की 'सापडत नाही' एवढंच उत्तर येतं. पीजी चालतं. आमचं यंत्र आयबीएमचं आहे आणि प्रणालीचं नाव एआयएक्स. आप्पासोंच्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर विंडोज ९५ आहे. यातलं काही उपयोगाचं असेल तर कळव, नसेल तर तसं लिही, म्हणजे वाट बघणार नाही.

धुराबद्दल म्हणशील तर काही ठिकाणी आधी धूर करतात आणि मग आग शोधत बसतात.

साक्षी


सातारा
३ मार्च १९९८

चि. साक्षीस,
जयभीम.

पत्र केवढंसं, आणि त्यातही टोमणा. पोरगी सांगलीत राहून तिखट झाली असं मी आक्काला, तुझ्या मावशीला, म्हणालो. ती म्हणाली, मूळचीच हाय.

तुझी अडचण माझ्या लक्षात आली. मला आक्का भूषण म्हणते, कारखान्यात भंडारे म्हणतात, आणि गावी चुलता अजून बुद्ध्या म्हणून हाक मारतो. माणूस एकच, पण ज्या दारात जाल तिथलं नाव घेतलं नाही तर कुणी ओ देत नाही. या प्रणाल्यांचं तसंच आहे. काम तेच, नाव ज्याचं त्याचं. मला एआयएक्सची माहिती नव्हती, म्हणून पुण्याला मुकुलला लिहिलं. आमच्या डिप्लोमाच्या वर्गातला, चष्मेवाला. त्याच्या कंपनीत सगळ्या जातीची यंत्रं आहेत. त्याचं उत्तर आलं.

त्याच्या घरी लिनक्स नावाची फुकटची प्रणाली आहे, तिथे याला टीसीपीडम्प म्हणतात. विंडोजच्या मोठ्या भावाला, एनटीला, नेटवर्क मॉनिटर आहे. धाकट्याला, म्हणजे तुमच्याकडच्या ९५ ला, असला कान जन्मतःच दिलेला नाही. आणि तुमच्या एआयएक्सवर याचं नाव आयपीट्रेस. तो पाकिटं गोळा करून एका फाइलमध्ये ठेवतो. ती फाइल माणसाला वाचता येत नाही. मग आयपीरिपोर्ट नावाची दुसरी आज्ञा द्यायची, ती तिचं वाचण्याजोगं रूप करून देते. सगळ्यांची पाकिटं शेवटी मोठ्या कॉम्प्युटरपाशीच येतात, तेव्हा कान तिथेच लाव. नवी चिठ्ठी आत आहे.

एक मात्र नीट ऐक. कुणाच्या तरी परवानगीशिवाय हे करू नकोस. दुसऱ्याची पाकिटं उघडून बघितली हाच तर त्या मुलीवर आरोप आहे.

तुझा
भूषणदादा


सातारा
१० मार्च १९९८

साक्षी,

आक्का काल सांगलीहून परत आली. तुझ्या आईनं तिला सगळं सांगितलं. पिशवी खाली ठेवायच्या आत ती मला म्हणाली, "ती पोरगी म्हंजी आपलीच साक्षी हाय. आन् तू तिला धूर आन् आग शिकीवतूयास व्हय रं?"

मला रात्री जेवण गेलं नाही. तू कुठल्या तोंडानं माझं ते पत्र वाचलं असशील हे मला कळतं. जी गोष्ट मी परक्या मुलीबद्दल पटकन खरी मानली तीच तुझे साहेब तुझ्याबद्दल मानताहेत. त्यांच्यात आणि माझ्यात मग काय फरक राहिला? मी चुकलो. माफ कर असं म्हणणं सोपं आहे म्हणून म्हणत नाही, काम सांग. रजा टाकून सांगलीला येऊ का?

भूषण


सांगली
१९ मार्च १९९८

प्रिय दादा,
जयभीम.

येऊ नकोस. तू आलास तर माझ्या बाजूनं बाहेरचा माणूस कॉम्प्युटर उघडायला आला असं होईल. मी नाव लपवलं, कारण लिहायची लाज वाटली. आणि तू विश्वास ठेवतोस का ते बघायचं होतं, हेही खरं. ते बघून झालं. आता तो विषय बंद.

परवानगीसाठी मी लॅबच्या अनसूया मॅडमना भेटले. त्या पॅथॉलॉजीच्या प्रमुख. माझ्यावर त्यांचा पूर्ण भरवसा आहे असं नाही, पण त्या कुणाचं ऐकून मत करत नाहीत. म्हणाल्या, "लाव. पण जे सापडेल ते आधी मला दाखवायचं, तुझ्या विरुद्ध असलं तरी." त्यांनी तसं लिहूनही दिलं.

सोमवारी सकाळी आयपीट्रेस चालू केला. तू लिहिलं होतंस की पाकिटं पडद्यावर धावतात. पडद्यावर काहीच येईना. मला वाटलं चालू झालाच नाही, म्हणून तसाच ठेवून कामाला लागले. तो गुपचूप फाइलमध्ये भरत होता. दुपारी डिस्क भरली आणि सगळं अडकलं. लॅबचे रिपोर्ट चढेनात. ऑपरेशनला घेतलेल्या एका बाईच्या रक्ताचा रिपोर्ट वॉर्डात दिसेना, नर्स धावत लॅबमध्ये गेली आणि कागदावर लिहून घेऊन आली. ती बाई सुखरूप आहे. मी ती फाइल पुसली तेव्हा कुठे यंत्र हललं. आप्पासो दारात उभे होते. म्हणाले, "मोरे, तुम्ही असलात की काहीतरी होतंच." मॅडम मधे पडल्या म्हणून त्या दिवशी निभावलं.

चौकशी सोळा एप्रिलला ठेवली आहे. विश्वस्तांचे अध्यक्ष सयाजीराव स्वतः बसणार आहेत. यादी त्यांच्यासमोर येईल. दोष ठरला तर मला काढतील, आणि पोलिसांतही देतील असं कचेरीत बोललं जातं. बाबा फौजेत होते तरी त्यांचा आवाज घरात कधी चढला नाही. काल ते उंबऱ्यात बसून म्हणाले, "मी देशाची गुपितं संभाळली. माज्या पोरीला एका शिंप्याचं संभाळता यीना, आसं म्हणत्यात व्हय?" त्यांना काय सांगू?

यंत्रात मी चालू केलेलं आणखी काही गुपचूप भरत तर नाही ना, असं सारखं वाटतं. कान पुन्हा लावायचा की नाही ते तू ठरव. मला आता धीर होत नाही.

साक्षी


सातारा
२४ मार्च १९९८

प्रिय साक्षी,

त्या डिस्कला तू जबाबदार नाहीस, मी आहे. माझ्याकडचा स्नूप बोलका आहे, सांगितल्याशिवाय काही जपून ठेवत नाही. तुझ्याकडचा आयपीट्रेस मुका आहे, तो फक्त साठवतो. काम एक म्हणून स्वभावही एकच असेल असं मी धरून चाललो. नाव बदलून दिलं आणि बाकी सगळी साताऱ्याचीच रीत सांगितली.

कान पुन्हा लावायचा. पण सगळं ऐकायचं नाही. दुसऱ्या टेबलावरून मोठ्या कॉम्प्युटरवर शिरायचं तर टेलनेट लागतं, म्हणून फक्त टेलनेटची पाकिटं घे, आणि तीही मॅडम समोर असतील तेवढाच वेळ. फाइल कुठे ठेवायची आणि आयपीट्रेस सभ्यपणे थांबवायचा कसा ते चिठ्ठीत आहे. मुकुलकडून दोनदा तपासून घेतलं आहे. टेलनेटमध्ये माणूस एक अक्षर दाबतो, की तेवढ्या एका अक्षराचं पाकीट निघतं. तेव्हा मजकूर अक्षर-अक्षर जोडून वाचावा लागेल. गहू निवडतो तसं बस.

मावसाजींना सांग, भूषण म्हणतो यादी अजून कुणी नीट वाचलेली नाही. मला ते पटत चाललं आहे. एक विचारतो. तुझं लॉगिन नेमकं काय आहे? आणि यादीत तुझं नाव आहे असं म्हणतात ते कसं लिहिलं आहे?

तुझा
दादा


सांगली
३ एप्रिल १९९८

प्रिय दादा,

हे पत्र मॅडमच्या खोलीत बसून लिहिते आहे. त्या राउंडला गेल्या आहेत आणि मला एकटीला भीती वाटते आहे.

आम्ही तीन दिवस संध्याकाळी कान लावला. माझ्या लॉगिननं कुणीही आत शिरलं नाही. एकदाही नाही. मी बसते तेवढीच माझी पाकिटं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. कुणी माझं लॉगिन वापरत नाही, म्हणजे यादीतली मोरे ती मीच, असंच ना? मी सिद्ध करायला निघाले आणि उलटंच सिद्ध करून बसले.

पण ते एवढंच नाही. काल संध्याकाळची पाकिटं जोडताना मला एका ठिकाणी एम दिसलं. पुढच्या पाकिटात ओ. मग आर. मग ई. चार पाकिटांत चार अक्षरं, प्रत्येक अक्षर जातं आणि तसंच परत येतं. मोरे. थोड्या वेळानं पुन्हा मोरे. ही पाकिटं आप्पासोंच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून निघाली आहेत. ते तिथे बसून माझं आडनाव लिहितात, दादा. कशासाठी? यादीत माझं नाव असंच बाहेरून घालतात का? पुढे थोडी जागा सोडून काही आकडे आहेत, ते मला लागले नाहीत. मॅडमना अजून सांगितलेलं नाही. वेड लागलं म्हणतील.

तू विचारलंस ते. माझं लॉगिन 'साक्षी' आहे, सुरुवातीपासून. यादी मी पाहिलेली नाही, पण आप्पासो म्हणतात त्यात स्वच्छ 'मोरे' लिहिलेलं आहे.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला या वर्षी जाणार नाही. लोक विचारतात.

साक्षी


सातारा
६ एप्रिल १९९८

प्रिय साक्षी,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. आमच्या चाळीतले अर्जुनाभाऊ सातारा-सांगली गाडीवर कंडक्टर आहेत, ते तुझ्याच हातात देतील. बसून वाच.

मी तुला पीजी शिकवलं, कारण माझा हात त्यावर बसलेला आहे. लांब मजकूर पानापानानं दाखवायचं तेच काम करणारी दुसरी एक आज्ञा जवळजवळ प्रत्येक प्रणालीत आहे. पान भरलं की ती थांबते आणि 'आणखी' म्हणून वाट बघते. म्हणून तिचं नाव मोअर. मी मराठीत मोअर लिहितो तेव्हा तुला काहीच वाटणार नाही. आता ते इंग्रजीत लिही. एम, ओ, आर, ई. त्याच्याखाली तुझं आडनाव इंग्रजीत लिही.

आप्पासो तुझं नाव लिहीत नव्हते, साक्षी. ते वाचत होते. मोअर, मग जागा सोडून फाइलचं नाव. जे आकडे तुला लागले नाहीत ते रिपोर्टचे नंबर असतील, लॅबच्या नंबरांशी ताडून बघ.

आणि यादी. मुकुलला काल एसटीडीवरून फोन लावून विचारून घेतलं. पुण्याचे इंजिनियर जी यादी छापतात तिच्यात पहिला रकाना माणसाचा नसतोच. पहिला आज्ञेचा. माणूस दुसऱ्या रकान्यात असतो. रकान्यांची नावं फक्त पहिल्या पानावर येतात, ते पान बहुतेक कुठेतरी राहिलं असणार. तुमच्या साहेबांनी पहिला रकाना वाचला, त्यात आडनावासारखं एकच नाव दिसलं, आणि ते ओळखीचं निघालं. नाव मोरे, त्यातून आपल्यातली. पुढचं वाचायची गरज कुणाला वाटली नाही. मलाही वाटली नव्हती, हे मी विसरलेलो नाही.

मॅडमना आजच सांग. पण सोळा तारखेपर्यंत तिसऱ्या कुणाला नको. यादी समोर आली की तू काही सांगू नकोस. त्यांनाच वाचायला लाव, ओळ पूर्ण.

चौदा तारखेला मिरवणुकीला जा. बाबांबरोबर जा.

तुझा
दादा


सांगली
१७ एप्रिल १९९८

प्रिय दादा,
जयभीम.

काल झालं सगळं. घाईत लिहिते आहे, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

सयाजीराव मधे बसले होते, एका बाजूला अनसूया मॅडम, दुसऱ्या बाजूला आप्पासो यादी घेऊन. बाबा बाहेर बाकावर. मला उभंच ठेवलं होतं. आप्पासोंनी सुरुवात केली की त्या संध्याकाळी मोरे यांनी पुन्हा पुन्हा रिपोर्ट उघडले, हे छापील आहे, यात बोलण्यासारखं काही नाही. मॅडमनी यादी मागितली, बोटानं ओळीखालून रेघ ओढल्यासारखं केलं आणि ती परत आप्पासोंपुढे ठेवली. मी म्हणाले, "साहेब, एक ओळ पूर्ण वाचता का?"

ते वाचायला लागले. 'मोरे' एवढं वाचून थांबले. सयाजीराव म्हणाले, पुढचं वाचा की. पुढे इंग्रजीत 'आप्पासो' लिहिलेलं होतं. आप्पासोंना तोवर त्यात काही वाटलंच नव्हतं. ते म्हणाले, "ते वरच्या अधिकाऱ्याचं नाव आहे. आधी करणारा, मग साहेब. कचेरीत तसंच असतं." खरंच सांगते, त्या क्षणी मला त्यांचा राग आला नाही. ते खोटं बोलत नव्हते. आवक-जावक बघून बघून त्यांना कुठलाही कागद तसाच दिसतो.

मॅडमनी विचारलं, मोरेच्या वरच्या ओळीत एलएस आहे, खालच्या ओळीत सीपी आहे, हे दोघे आपल्याकडे कधी नोकरीला लागले? एलएस आणि सीपी याही कॉम्प्युटरच्या आज्ञाच. सयाजीरावांना हसू आलं. मग सगळे उठून कॉम्प्युटर रूममध्ये आले. मी माझ्या लॉगिननं आत गेले, एक साधी फाइल त्या आज्ञेनं उघडली आणि तीच यादी पुन्हा छापली. या वेळी पहिलं पान होतं, रकान्यांची नावं होती. आज्ञा मोअर, माणूस साक्षी. त्याच्याखाली जुन्या यादीतली ओळ ठेवली. आज्ञा मोअर, माणूस आप्पासो. ओळीमागून ओळ. मॅडमनी तारेवरची पाकिटंही समोर ठेवली, आणि लॅबच्या नंबरांशी ती जुळत होती.

आप्पासोंनी दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या. मग म्हणाले, मी प्रशासक आहे, वाचायचा मला अधिकार आहे. मॅडम म्हणाल्या, "वाचायचा असेल. सांगायचा नाही." तेव्हा आप्पासोंनी खुर्चीचा हात धरला. म्हणाले, घरी बोललो असेन, जेवताना. एवढंच. पुढे ते घरातून बाहेर कसं गेलं ते सांगायची कुणाला गरज पडली नाही.

मला निर्दोष असल्याचं पत्र मिळालं. आप्पासो रजेवर गेले आहेत, परत येतील असं कुणाला वाटत नाही. माफी कुणी मागितली नाही. बाहेर आले तर बाबा बाकावरून उठून ताठ उभे राहिले. मी पत्र दिलं, त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "आनी त्यो शिंपी? त्याला कुनी सांगितलं का, तू न्हवं म्हून?"

कुणीही सांगितलं नव्हतं.

तुझी
साक्षी


सांगली
१२ मे १९९८

प्रिय दादा,
जयभीम, आणि कालच्या बुद्धपौर्णिमेच्या शुभेच्छा.

तू दोन पत्रांत विचारलंस, पुढे काय झालं, गप्प का. सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून गप्प होते. रुग्णालयात सगळं मिटलं, पण गावात काही मिटत नाही. नाथाजीचं दुकान उघडं असायचं, तो मशीनपाशी बसलेला असायचा आणि मशीन बंद. आपली गोष्ट फोडणारी ती मोरेच, हे त्याच्या मनात पक्कं बसलेलं. मी सायकलवरून लांबच्या रस्त्यानं जायची.

पौर्णिमा जवळ आली तेव्हा बाबांनी पांढरं कापड आणलं. मला म्हणाले, चल. मी विचारलं नाही कुठे. गणपती पेठेत त्या दुकानाच्या पायरीवर बाबा चढले तेव्हा शेजारचा भांडीवाला बघतच राहिला. नाथाजीनं वर पाहिलं. म्हणाला, "काय, बघाय आलायसा?"

बाबा म्हणाले, "माप द्याय आलोय. सदरा शिवायचाय, पौर्णिमेला घालाय."

नाथाजी जागचा हलेना. त्याला वाटलं थट्टा आहे. बाबांनी चपला काढल्या, आत जाऊन त्याच्यासमोर परेडला उभे राहतात तसे उभे राहिले आणि हात बाजूला पसरले. मग त्यानं गळ्यातला टेप काढला. खांद्याला लावला, छातीला लावला. दादा, बाबा जराही हलत नव्हते. मी दारातच उभी होते. सांगायचं ते सगळं पाठ करून गेले होते, तारा, पाकिटं, रकाने. त्यातलं एक अक्षर तोंडातून निघेना.

माप झालं. त्यानं चिठ्ठीचा तुकडा घेतला, पेन्सिल कानावरून काढली आणि खाली बघत विचारलं, नाव काय लिहू? बाबांनी सांगितलं. पेन्सिल थांबली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मीच ती. पण मी वाचलं नव्हतं. ज्यानं वाचलं त्यानं कबूल केलंय." एवढंच जमलं. त्यानं कोणी म्हणून विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. एकदा घरातून बाहेर गेलेली गोष्ट मला पुन्हा कुणाच्या घरात घालायची नव्हती.

त्यानं कापडाची घडी करून मशीनवर ठेवली. मग म्हणाला, "रविवारी न्ह्या." काल बाबा तोच सदरा घालून विहारात गेले. लोकांनी विचारलं तर मोठ्यानं सांगत होते, कुणाकडून शिवला ते.

मापाची चिठ्ठी मी सदऱ्याबरोबर मागून घेतली आहे, तुझ्या सगळ्या चिठ्ठ्यांबरोबर ठेवली आहे. त्यावर त्यानं पेन्सिलीनं, मराठीत लिहिलं आहे, मोरे. नुसतं मोरे, मराठीत त्याचं मोअर होत नाही.

तुझी
साक्षी